भावाला 'देवराई' दाखवू का?

"मॅडम, आमच्या वाचनालयात 'देवराई' दाखवणार आहेत. दादाला नेऊ का? बघून त्याचं आणखी बिघडलं तर? आणि सोसायटीतले लोक ओळखतील ना!"

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेली ही धाकटी बहीण. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दादाला स्किझोफ्रेनिया (भास आणि संशय होणारा मानसिक आजार) आहे, गोळ्या नियमित चालू आहेत, दुकानातून सामानही आणतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ सालचा. त्यातल्या शेषलाही हाच आजार आहे आणि त्याला सांभाळणारी बहीणच आहे. तिची भीती मला समजत होती.

सिनेमा बघून स्किझोफ्रेनिया होत नाही, हे आधी सांगितलं. मात्र कानात ऐकू येणारे भासाचे आवाज वाढलेत, झोप उडालीय, गोळ्या सुटल्यात किंवा टीव्हीवरची माणसं आपल्याबद्दलच बोलतात असं वाटतंय, अशा दिवसांत नेऊ नये. आधी डॉक्टरांना भेटावं. घरात कुणी नुकताच आत्महत्येचा प्रयत्न केला असेल, तर 'कासव'सारख्या नैराश्यावरच्या चित्रपटाबाबत मी जास्तच सावध असते.

मग विचारलं, "दादाला काय वाटतं?"

ती गप्प झाली. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. औषध, जेवण, लग्नकार्याला न्यायचं की नाही, सगळं घरच्यांनी ठरवायचं, ही सवय मायेपोटीच लागते. पण माणूस त्यात हळूहळू बाजूला पडतो.

ठरलं ते असं: गोष्ट त्याला आधी सांगायची, दाराजवळ बसायचं, नको वाटलं तर उठायचं. नंतरच्या चर्चेत 'माझ्या भावाला आहे' असं बोलण्याची सक्ती तिच्यावरही नाही.

दादा गेला. मध्यंतरानंतर बाहेर येऊन बाकावर बसला. घरी म्हणाला, "माझं असं नाही होत. पण त्याच्या बहिणीला फार त्रास झाला." ती माझ्यासमोर रडली ती या वाक्याने. स्वतःचा थकवा तिने कधी कुणाला सांगितलाच नव्हता. आम्ही पुढची भेट फक्त तिच्यासाठी ठेवली; आता ती शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, गटात येते.

म्हणून आयोजकांना माझा आग्रह असतो, की पडदा उतरल्यावर निदान तासभर बोलायला ठेवा आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक हवाच. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दारावर मोठ्या अक्षरांत लावा. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतूनही बोलता येतं.