लिंबाच्या झग्यावर पोट भरेल का?

ताई, नमस्कार.

बारावी सायन्सची मुलगी वहीच्या मागच्या पानांवर कलिंगडाच्या फोडीचे स्कर्ट आणि अंड्याच्या बलकाची बटणं काढत बसते, खाण्याच्या चित्रांवर पोट भरतं का, असं तुम्ही विचारलंत. पाठवलेली सहाही चित्रं मी पाहिली. पोटाचं नंतर बोलू.

सहापैकी चार चित्रांत तिने कपडा काढलेलाच नाही, कापड काढलंय. झग्याचा कट अगदी साधा. सगळा जीव लिंबं कुठे दाट पडलीत आणि कुठे विरळ, यात. म्हणून तिने फॅशन डिझाइनपेक्षा टेक्स्टाइल डिझाइनकडे, त्यातही प्रिंटकडे बघावं असं मला वाटतं.

१९३७मध्ये फॅशन डिझायनर एल्सा स्कियापरेलीने पांढऱ्या रेशमी ऑर्गन्झाचा, म्हणजे पातळ पारदर्शक कापडाचा, झगा केला, त्यावर चित्रकार साल्वादोर दालीचा भलामोठा लाल लॉब्स्टर. जिच्यासाठी इंग्लंडच्या राजाने गादी सोडली त्या वॉलिस सिम्पसनने तो घातला आणि झगा अजरामर झाला. (दालीला म्हणे त्यावर खरं मेयोनीज लावायचं होतं. स्कियापरेलीने नाही म्हटलं ते बरं केलं.) नावं या दोघांचीच निघतात, पण ते चित्र कापडावर उतरवणारा रेशमाचा डिझायनर तिसराच होता. तुमच्या मुलीची जागा मला तिथे दिसते.

हे काम वाटतं तितकं गमतीचं नाही. एक लिंबू काढणं सोपं. ते थानभर असं फिरवायचं की जोड कुठे आला हे कळू नये, याला रिपीट म्हणतात आणि त्यात महिने जातात. तिच्या कलिंगडाच्या सगळ्या फोडींची टोकं एकाच दिशेला आहेत. अशा कापडावर बेतताना तुकडे उलटे ठेवता येत नाहीत, नाहीतर पाठीवरची कलिंगडं खाली डोकं वर पाय होतात. म्हणजे कापड जास्त लागतं आणि कारखानदार नाक मुरडतो. निम्म्या फोडी उलट्या फिरवल्या की प्रश्न मिटतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये साधारणपणे प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे बारा रंगांचं लिंबू चार रंगांत बसवता येणं हेही कसब.

पावाच्या आकाराचा कोट मात्र नाटक-सिनेमाच्या वेशभूषेत शोभेल. २०१०मध्ये गायिका लेडी गागाने खऱ्या मांसाचा पोशाख घातला, तोही एका रात्रीपुरताच. आणि शीतपेयाच्या डब्याचं चित्र तिने फाइलमधून काढून टाकावं. दुसऱ्याचा ट्रेडमार्क परवानगीशिवाय विकायच्या कापडावर घेता येत नाही. साठच्या दशकात सूपच्या डब्यांची चित्रं छापलेला कागदी झगा गाजला, पण तो ते सूप बनवणाऱ्या कॅम्पबेल्स कंपनीनेच काढला होता.

आता पोटाचं. कापड गिरण्या, लहान मुलांचे कपडे, पडदे-चादरी, सगळीकडे प्रिंट डिझायनर लागतात. पण पहिली काही वर्षं लिंबं कोणी मागणार नाही. फुलं, पट्टे, चौकडी मागतील, तीही गिऱ्हाइकाच्या रंगात. ते कंटाळवाणं काम तिला झेपेल का, हे तिलाच विचारा.

सायन्स वाया जाईल ही भीती सोडा. ऑरेंज फायबर ही इटालियन कंपनी रस काढून उरलेल्या संत्र्या-लिंबांच्या चोथ्यातून सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींमधलं तंतुमय द्रव्य, काढून कापड करते. २०१७मध्ये फेरागामो या फॅशन कंपनीने त्याचे कपडे बाजारात आणले. तिथे केमिस्ट्रीच लागते. सालीतून कापड कसं होतं याची तिला चित्रांइतकीच ओढ असेल, तर टेक्स्टाइल टेक्नॉलॉजी हा तिचा रस्ता.

परीक्षा झाली की तिला एकच काम द्या. लिंबाचं रिपीट पुरं करायचं, मीटरभर सुती कापडावर डिजिटल प्रिंट काढून आणायचं आणि त्याचं काहीतरी शिवून स्वतः आठवडाभर वापरायचं. फसलेले कागदही जपून ठेवायला सांगा. प्रवेशाच्या मुलाखतीत पन्नास देखण्या चित्रांपेक्षा ते जास्त बोलतात. कापड दोनदा धुऊन झालं की मला फोटो पाठवा.