चकरा मारणाऱ्या शेळीला नॅनो टॉनिक देऊ नका

प्रश्न: माझी ८ महिन्यांची शेळी एकाच बाजूला गोल फिरते, मान वाकडी धरते. दुकानदार नॅनो सिल्व्हरचं (चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं) टॉनिक आणि आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा वाढीव डोस द्यायला सांगतो. देऊ का?

उत्तर: दोन्ही देऊ नका. लक्षणं गिड या मेंदूच्या आजाराची दिसतात. कुत्र्याच्या आतड्यातल्या टेपवर्मची (पट्टीसारख्या चपट्या जंताची) अंडी चाऱ्यातून पोटात जातात आणि शेळीच्या मेंदूत पाण्याने भरलेली गाठ वाढते. ती टॉनिकने विरघळत नाही आणि आयव्हरमेक्टिन टेपवर्मवर चालतच नाही.

‘नॅनोमुळे मेंदू सुधारतो’ या बोलण्यामागे उंदरांवरचे प्रयोग आहेत. शिस्टोसोमा हा जंत झालेल्या उंदरांना सोन्याचे नॅनोकण दिल्यावर मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचं बिघडलेलं प्रमाण सुधारलं. पण तो जंत वेगळा, धातू वेगळा, मात्रा मोजलेली. चांदीबाबत तर उंदरांतच दिसलंय की तोंडावाटे दिलेली चांदी मेंदूतून फार हळू बाहेर पडते. शेळीला किती मात्रा, किती दिवस, हे दुकानदाराला विचारून बघा.

आयव्हरमेक्टिन १ टक्का इंजेक्शनची मात्रा ५० किलोला १ मिली, कातडीखाली. म्हणजे २० किलोच्या शेळीला फक्त ०.४ मिली. अंदाजाने २ मिली भरली की पाचपट! जास्त मात्रा मेंदूत शिरली की जनावर झोकांड्या खातं, लाळ गाळतं. मग आजार कुठला आणि विषबाधा कुठली, हे आम्हा पशुवैद्यांनाही ओळखता येत नाही. लेव्हामिसोल हे दुसरं जंतनाशक तर दुप्पट-तिप्पट झालं तरी थरथर सुटते. वजन केल्याशिवाय जंतनाशक नाही. दुकानदाराच्या अंदाजाने तर नाहीच.

ताप आणि एक कान लोंबलेला असेल तर लिस्टेरियाची (मेंदूला सूज आणणाऱ्या जिवाणूची) शंका घ्या. धान्य जास्त खाल्ल्यावर दिसेनासं झालं, मान मागे ओढली गेली, तर बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता. दोन्हीत उपचार लवकर झाला तरच जनावर वाचतं आणि टॉनिक पाजण्यात तेच दोन दिवस जातात. आजच १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करा. गिड ठरलं तर गाठ शस्त्रक्रियेने काढता येते. विमा असेल तर उपचाराचे कागद जपा.

खरा इलाज कुत्र्यावर करा. राखणीच्या प्रत्येक कुत्र्याला प्राझिक्वांटेल हे टेपवर्मवरचं औषध, किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोला ५० मिलिग्रॅमची एक गोळी. गिडचा त्रास असलेल्या वाड्यावर दर ६ ते ८ आठवड्यांनी. शेळी-मेंढीचं मुंडकं कुत्र्याला कधीच टाकू नका, मेंदूतली गाठ खाऊनच त्याला हा टेपवर्म होतो. जाळा किंवा खोल पुरा. गोळी जंत मारते, अंडी मारत नाही, म्हणून गोळीनंतर दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा गोळा करून पुरा.