किल्लारीच्या भूकंपातून आजी-आजोबा वाचले. ३० सप्टेंबरला त्या घरी जाऊन कृतज्ञता म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की उमरगा तालुक्यातल्या तुमच्या माळवदाच्या (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत) घराची मागची भिंत १९९३ ला पडली, आजी-आजोबांना उपसून काढलं, भिंत पुन्हा पहिल्यासारखीच उभारली आणि आता सगळे जमून शांती आणि अन्नदान करायचं चाललंय. करा. पण "पहिल्यासारखीच" हा शब्द वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

"भूकंपानं माणसं मारली" हे मला मान्य नाही. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते, सगळं खरं. पण सरकारी हिशोबानंच जवळपास ८ हजार माणसं गेली ती भिंती आणि माळवदाखाली. मग "दगडच वाईट" म्हणणारे आले. तेही चूक. अडीच-तीन फुटी भिंत दिसते एक, असतात दोन. आतली एक, बाहेरची एक, मधे गोटे आणि मातीची भर. दोघींना धरणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात आतली आत कोसळते, बाहेरची बाहेर.

आणि वर माती. गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी चार पाट्या पांढरी माती टाकायची, जुनी कुणी काढायची नाही. दहा बाय तेराच्या खोलीवर दोन फूट थर साचला की कोरडाच बारा टनांच्या घरात जातो. ओला झाला की आणखी जड. कडेला पन्हाळीजवळ खोदून थर मोजा. चढायचं तर एकट्यानं, तुळईच्या रेषेत पाय ठेवून. आठ इंच ठेवा, बाकी उतरवा. त्या खोलीवरून पावणेदोन ब्रास (सुमारे पावणेदोनशे घनफूट) माती निघेल. आधी तुळयांना खालून टेकू द्या. मग सगळीकडून सारखा थर काढत या. एक बाजू मोकळी आणि दुसरी भरलेली, असं नको. काढलेली माती भिंतीला टेकवून रचू नका. थर पातळ केला की गळणार, म्हणून वरच्या तीन-चार इंचांखाली जाड प्लास्टिकचा कागद पसरा आणि पन्हाळीकडे उतार ठेवा. बहुतेक लोक हा कागद वाचवतात आणि दोन वर्षांत पुन्हा मातीच टाकतात.

भिंतीचं काम चिकाटीचं. नसलेल्या आरपार दगडांच्या जागी काँक्रीटचे दांडे घालायचे. आडवं दर तीन फुटांवर, उभं दीड-दोन फुटांवर एकेक जागा धरायची, खालवरच्या ओळी एकाआड एक. तिथला गिलावा खरवडून एक दगड पहारीनं हळूहळू सैल करून काढायचा. घणाचा ठोका नको, त्यानं मधली भर खाली बसते आणि भिंत आतून पोकळ होते. मग पलीकडे जाईपर्यंत तीन इंची भोक. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवून एकास दोनास चारचं (एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी) काँक्रीट ठासून भरा. सळई कुठेही उघडी राहता कामा नये, सगळीकडून इंचभर काँक्रीट हवं. दहा दिवस पाणी मारा. मजूर दोन दिवस मारतो, तिसऱ्या दिवशी येत नाही, म्हणून घरातलंच कुणीतरी थांबा.

ज्यांनी आरपार दगडाचे पैसे घेतले आणि दोन्ही तोंडांना नुसते दोन लांबट दगड बसवले, अशा गवंड्यांशी माझं आयुष्यभराचं भांडण आहे. भोकातून पलीकडचा उजेड दिसल्याशिवाय भरू देऊ नका.

कुणी "त्यापेक्षा स्लॅब टाका" म्हणेल. मातीत बांधलेल्या भिंतीवर स्लॅब? मग माळवद काय वाईट होतं?

लाकडी खांब असतील तर खांब आणि तुळईच्या सांध्याला दोन्ही बाजूंनी तिरकी लाकडं देऊन कोन पक्के करा. कोनाडे, बळद (भिंतीतली धान्य साठवायची पोकळी) वापरात नसतील तर बुजवा.

कृतज्ञतेचं म्हणाल तर, पाणी मारायचे जे दहा दिवस आहेत त्यांत आजीला विचारा की कोण कुठल्या खणात झोपलं होतं, कुठल्या बाजूनं काढलं, उपसणारे हात कुणाचे होते. लिहून घ्या. त्यांपैकी कुणी हयात असेल तर काम पुरं झाल्यावरच्या जेवणाचं पहिलं बोलावणं त्यांना, घरी जाऊन. व्हॉट्सॲपवर नको.

हे आधी सांगायला हवं होतं: ३० सप्टेंबरला फक्त मोजमाप करा. माळवद आणि भिंती तेव्हा ओल्या असतात, काम दिवाळीनंतर. उन्हाळ्यात उघडून पावसाळ्यात मिटणारी भेग असेल तर ती बहुधा पायाखालच्या काळ्या मातीची, तिचा इलाज वेगळा. आणि भिंतीनं पोट काढलं असेल तर तिला भोकं पाडूच नका. तेवढा भाग टेकू देऊन उतरवा आणि आरपार दगड घालून नव्यानं रचा. जाडी दीड फूट पुरे. तिथे स्थापत्य अभियंता बोलवाच, माझ्या उत्तरावर जाऊ नका.