अन्ननलिकेच्या कर्करोगात बायोप्सीतील पी५३, केआय-६७ यांसारख्या मार्करवरून रुग्णाचे आयुर्मान सांगता येते का?

नाही, एखाद्या रुग्णाच्या आयुर्मानाचा अंदाज बांधण्याइतका भरवसा यांपैकी एकाही मार्करवर (कर्कपेशींत मोजता येणाऱ्या प्रथिनावर) आज ठेवता येत नाही. पी५३ (गाठ रोखणारे प्रथिन), केआय-६७ (किती पेशी विभाजित होत आहेत हे दाखवणारे), ईजीएफआर, सायक्लिन डी१ (दोन्ही पेशींच्या वाढीशी निगडित) यांवर पुष्कळ अभ्यास झाले, पण नमुने लहान, ते रंगवून तपासण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आणि ‘पॉझिटिव्ह’ कशाला म्हणायचे याची सीमारेषा प्रयोगशाळेगणिक निराळी, त्यामुळे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच टीएनएम (गाठ, लसिकाग्रंथी, दूरवरचा प्रसार) या अवस्था-वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत या कर्करोगाची अवस्था ठरवताना गाठीची खोली, बाधित लसिकाग्रंथींची संख्या, दूरवरचा प्रसार आणि पेशींची श्रेणी (त्या सामान्य पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात) पाहतात, हे मार्कर नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वी केमो-रेडिएशन दिले असेल, तर काढलेल्या भागात जिवंत कर्कपेशी किती उरल्या हे माझ्या मते केआय-६७ च्या टक्केवारीपेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते.

मात्र दोन मार्कर उपचार निवडण्यासाठी खरोखर उपयोगी आहेत:
- हर२ (पेशींच्या पृष्ठभागावरील वाढीचे प्रथिन): अॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग) पसरलेला असल्यास तपासतात. रंगाच्या तीव्रतेचा गुण ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आल्यास फिश चाचणी (हर२ जनुकाच्या प्रती मोजणारी) करून घ्यावी लागते.
- पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीला रोखणारे प्रथिन): यात हे प्रथिन असलेल्या कर्कपेशींबरोबर लिम्फोसाइट व मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीही मोजून सीपीएस हा एकत्रित गुणांक काढतात. कीनोट-५९० या रुग्णांवरील औषध-चाचणीत सीपीएस १० किंवा अधिक असलेल्या स्क्वॅमस (अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग असलेल्या) रुग्णांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) केवळ केमोथेरपीने ८.८ महिने, तर सोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिल्यावर १३.९ महिने होते.

हे आकडे शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या वा पसरलेल्या आजारातील गटाचे आहेत. त्यांवरून सुरुवातीच्या अवस्थेतील रुग्णाचा हिशेब मांडू नये.