नॅनोट्यूब घातली की सिरॅमिक खरंच तिप्पट चिवट होतं का?

प्रश्न : नमस्कार, मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी कार्बन नॅनोट्यूबवर वाचतोय. एके ठिकाणी लिहिलंय की नॅनोट्यूब मिसळल्यावर अ‍ॅल्युमिना हे सिरॅमिक तिप्पट चिवट झालं, दुसरीकडे म्हणतात काहीच फरक पडला नाही. नेमकं खरं काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फार छान जागी बोट ठेवलंत, या विषयातला खरा वादच हा आहे.

२००३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसवर अमिया मुखर्जींच्या ग्रुपने अ‍ॅल्युमिनाच्या बारीक पावडरीत आकारमानाने १० टक्के सिंगल-वॉल नॅनोट्यूब (एकाच थराच्या भिंतीच्या अतिसूक्ष्म कार्बन नळ्या) मिसळल्या आणि स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगने (पावडर दाबाखाली धरून विजेच्या प्रवाहाने झटपट तापवून घट्ट करायची पद्धत) ११५० अंशांना वडी दाबून काढली. साध्या भट्टीत का नाही, तर नॅनोट्यूब म्हणजे शेवटी कार्बनच, हवेत पाच-सहाशे अंशांपुढे जळायला लागतो, आणि स्पार्क प्लाझ्मात काम काही मिनिटांत, तेही कमी तापमानाला उरकतं. त्यांचा फ्रॅक्चर टफनेस (म्हणजे चिवटपणा, तडा पुढे धावायला मटेरियल किती विरोध करतं त्याचं माप) आला ९.७ मेगापास्कल रूट मीटर, साध्या अ‍ॅल्युमिनाचा ३.३ च्या आसपास. तुमचं ‘तिप्पट’ ते हेच.

पण हा आकडा विकर्स टेस्टने काढलेला होता. म्हणजे हिऱ्याचा पिरॅमिड पृष्ठभागावर दाबायचा, खड्ड्याच्या चार कोपऱ्यांतून फुटलेल्या तड्यांची लांबी मायक्रोस्कोपखाली मोजायची आणि फॉर्म्युल्यात टाकायची, तडा जितका आखूड तितका टफनेस जास्त. पुढच्याच वर्षी अमेरिकेतच कनेक्टिकट विद्यापीठातल्या नितीन पडतुरे (मुंबई आयआयटीचे माजी विद्यार्थी) आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या कंपोझिटमध्ये (मिश्र मटेरियलमध्ये) हिऱ्याखालचा भाग सरकून दबून जातो, म्हणून कोपऱ्यांतून तडे नीट फुटतच नाहीत आणि फॉर्म्युला फसतो. मग त्यांनी पट्टीला धारदार व्ही खाच पाडून ती वाकवून मोडली, तेव्हा टफनेस साध्या अ‍ॅल्युमिनाइतकाच निघाला!

माझं मत विचाराल तर खाचेची टेस्टच धरा, कारण तिथे खरोखरचा लांब तडा मटेरियलमधून धावतो.

नॅनोट्यूबने तडा अडवायला हवा तो असा, की तडा उघडताना ट्यूब दोन्ही काठांना धरून राहते आणि हळूहळू उपसून येते, त्यात ऊर्जा खर्च होते. त्यासाठी पकड बेताची लागते, फार घट्ट असली तर ट्यूब तुटते, फार सैल असली तर अलगद निसटते. त्यात या ट्यूब एकमेकींना चिकटून भिजलेल्या केसांसारखे गुंते करतात, अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी ढवळणाऱ्या यंत्रात) कितीही हलवा, थोडे गुंते राहतातच, आणि तसा गुंता आत राहिला की तो ताकद देण्याऐवजी दोष बनून बसतो, तडा तिथूनच सुरू होतो.

म्हणून सेमिनारमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी टेस्ट कुठली ते लिहाच. आणि हो, पडतुरेंच्या ग्रुपने हे मटेरियल वाया गेलं असं म्हटलेलं नाही, उलट टोकदार दाब पडला तरी ते साध्या अ‍ॅल्युमिनासारखं तडकत नाही हाच त्यांचा मुद्दा होता. शिवाय अ‍ॅल्युमिना एरवी पक्कं इन्सुलेटर, पण पुरेशा नॅनोट्यूब गेल्या की त्यातून करंट वाहतो, मग ते वायरकटवरही (तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून कापणारं मशीन) कापता येऊ शकतं. तुम्ही मेकॅनिकलचे, यावर एक स्लाइड नक्की ठेवा.