सून ऐकू शकत नाही, आणि जेवायच्या टेबलावर सगळे गप्प

इंदूरहून, सुदामानगरमधून एका ताईंचं पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून महत्त्वाचं तेवढं इथे देते.

"ताई, मुलाच्या लग्नाला वर्ष होत आलं. सून जन्मापासून ऐकू शकत नाही, बोलते ते मोजकंच आणि आम्हाला ते नीट कळत नाही. मुलाच्याच ऑफिसात कंप्युटरवर काम करते, हुशार आहे, स्वभावाने गोड आहे, माझी लग्नाला ना नव्हती. पण ती टेबलावर आली की घर गप्प होतं. आम्ही काही बोलून हसलो की ती विचारते काय झालं, मी हातानेच 'काही नाही, नंतर सांगते' म्हणते आणि ते राहूनच जातं. हल्ली ती ताट घेऊन माझ्या सासूबाईंच्या खोलीत जाऊन बसते. सासूबाई 84 च्या आहेत, त्यांनाही कमी ऐकू येतं, कानाचं मशीन डबीत पडलेलं असतं. त्या दोघींचं काय चालतं देव जाणे, पण हसताना दिसतात. जाऊबाई आल्या की 'बिचारी, बिचारी' करतात आणि मला रडू येतं. ह्यांना टेन्शन आहे की पुढे नातवंडांचं काय. मला तिची फार दया येते पण जवळ जाताच येत नाही. मी काय करू?"

ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते 'नंतर सांगते'. ऐकू न येणाऱ्या कोणाशीही बोला, हीच तक्रार निघते, की बाहेर जगात त्रास होतोच पण घरच्याच जेवणात आपण पाहुण्यासारखे बसतो, सगळे हसतात आणि आपल्याला कारण कळत नाही. शंभरातली नव्वदहून जास्त बहिरी मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, म्हणजे तुमच्या सुनेने 'नंतर सांगते' हे बहुधा माहेरीही लहानपणापासून बघितलंय आणि ते 'नंतर' कधी येत नाही हे तिला तुमच्या घरात पाऊल टाकायच्या आधीच माहीत होतं. ती ताट घेऊन आत जाते ती रुसून जात नाहीये हो. जिथे कोणी तिच्याशी बोलतं तिथे जाऊन बसते, आपणही कोणत्याही लग्नात हेच करतो ना.

आता एक करून बघा. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'बाळ', 'माळ' आणि 'पाळ' म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. 'तिला ओठ वाचता येतात ना' असं आपण सहज म्हणून टाकतो, पण ओठांवर दिसतं ते अर्धंमुर्धंच, बाकीचं तिला अंदाजाने भरावं लागतं, त्यात चार जण एकदम बोलत असले, कोणाच्या तोंडात घास असला, तिच्या सासऱ्यांची मिशी ओठांवर आली असली, किंवा तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसलात आणि चेहऱ्यावर अंधार पडला, की संपलं. जेवण होईपर्यंत ती थकून जाते. तुम्ही बोलताय आणि ती कष्ट करतेय, असं चाललंय ते.

म्हणून सरळ सांगते, तिची भाषा शिका. तुम्ही, सासरे, जमेल तसं सगळ्यांनी. मुलाला येत असेलच, पण दरवेळी त्यालाच दुभाषा करू नका, त्या पोरालाही दोन घास सुखाने खाऊ द्या, आणि सुनेलाही तुमच्याशी बोलायला नवऱ्याचा हात धरून यावं लागू नये. वय झालं, आता काय शिकणार, असं वाटत असेल तर विचार करा की आपण इंदूरचे मराठी लोक रोज काय करतो. घरात मराठी, गेटबाहेर पडलं की भाजीवाल्याशी हिंदी, कामवालीने मालवीत काही सांगितलं तर तेही कळतं, आणि ह्यात आपण काही विशेष करतोय असं कोणालाच वाटत नाही. आपल्या पणजोबांनी होळकरांच्या मागे येऊन हे सगळं उचललं, कोणी क्लास लावला नव्हता. आणखी एक भाषा ह्या घरात नक्की मावेल.

आणि ती खरीखुरी भाषा आहे बरं का, हिंदी शब्दांना हातवारे लावलेत असं नाही. भारतीय सांकेतिक भाषेचं स्वतःचं व्याकरण आहे, क्रिया बहुतेक शेवटी येते आपल्या मराठीसारखीच, 'कुठे', 'काय', 'कधी' हे प्रश्नाचे शब्दही शेवटी येतात, आणि भुवया, मान, चेहरा हे सगळं त्या व्याकरणात मोडतं, त्यामुळे चेहरा मख्ख ठेवून नुसते हात हलवले तर वाक्य अर्धंच राहतं. दिल्लीला 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, त्यांच्या कोशात आज 10 हजारांवर शब्द आहेत आणि व्हिडिओ मोबाईलवर फुकट बघता येतात. पण माझं ऐका, व्हिडिओ नंतर. पहिली शिक्षिका तुमच्याच घरात आहे, तिला विचारा. कोणी आपली भाषा शिकायला मागतं तेव्हा माणसाला जे वाटतं ते तुमच्या सुनेच्या वाट्याला फार कमी आलं असेल. 1880 साली मिलानला बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांची एक मोठी परिषद भरली होती, तिथे ठरवून टाकलं की शाळेत हातांची भाषा नको, मुलांना बोलायलाच लावायचं, आणि मग जगभर कित्येक शाळांत मुलं खुणा करायला लागली की हातावर फटके बसायचे. त्या ठरावाबद्दल अधिकृतपणे खेद व्यक्त झाला तो 2010 मध्ये. आपल्याकडच्याही कितीतरी पोरांनी आपली भाषा लपूनछपून वापरलीय. तिने घरात हात खिशात ठेवले असतील तर त्यामागे हे सगळं असू शकतं.

अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड नावाचं एक बेट आहे, त्याची गोष्ट तुमच्या ह्यांना जरूर सांगा. तिथे काही घराण्यांत वंशपरंपरेने बहिरेपणा होता, 19 व्या शतकात चिलमार्क नावाच्या गावात तर साधारण 25 माणसांत एक जण ऐकू न येणारा. मग गावाने काय केलं, तर सगळेच हातांची भाषा शिकले. ऐकू येणारेसुद्धा. दुकानात, होडीवर, चर्चमध्ये, सगळीकडे दोन्ही भाषा चालायच्या आणि होड्यांवरचे लोक तर लांबून एकमेकांशी हातानेच बोलायचे कारण आवाज पोचायचा नाही. बहिरी माणसं शेती करायची, मासेमारी करायची, लग्नं करायची, गावच्या कामात असायची. त्यांचे कान काही बरे झाले नव्हते, फक्त गाव त्यांच्याकडे तोंड करून बसलं होतं. एक अख्खं गाव पिढ्यानपिढ्या हे करू शकतं तर सुदामानगरातलं एक घर का नाही?

आणि तिकडचं कशाला, आपल्या इंदुराचंच बघा. गीता आठवते ना? ऐकू-बोलू न शकणारी ती मुलगी लहानपणी चुकून रेल्वेतून पाकिस्तानात पोचली, कराचीत ईधी फाउंडेशनच्या बिल्किस ईधींनी तिला सांभाळलं, आधी फातिमा म्हणत होते, मग पोरगी हात जोडते, हिंदू आहे हे लक्षात आल्यावर नाव गीता ठेवलं आणि तिच्या पूजेसाठी देवांच्या तसबिरी लावून जागा करून दिली. धर्म वेगळा, देश वेगळा, बोलायला एक भाषा नाही, आणि तरी त्या बाईंनी त्या पोरीच्या हातांकडे नीट बघितलं म्हणून कळलं तिला काय हवंय. 2015 च्या ऑक्टोबरात ती भारतात परत आली आणि पुढे कित्येक वर्षं इंदुरातच राहिली. मला तर करुणा म्हटली की बिल्किसबाईच डोळ्यासमोर येतात, कारण त्या रडत बसल्या नाहीत, त्यांनी बघितलं आणि भिंतीवर तसबीर लावली. तुम्हालाही दया येते ना ताई, मग ती टेबलाच्या खुर्च्या हलवण्यात खर्च करा.

म्हणजे असं, सुनेला अशी जागा द्या जिथून सगळ्यांचे चेहरे दिसतील आणि उजेड चेहऱ्यांवर पडेल. एका वेळी एकाने बोलायचं, बोलायच्या आधी तिची नजर आपल्याकडे आहे ना हे बघायचं, नसेल तर खांद्याला हलकेच हात लावायचा. हसलात तर तेव्हाच सांगायचं, मोबाईलवर टाईप करून का होईना, अगदी फालतू जोक असला तरी. फालतू आहे की नाही ते तिला ठरवू दे. गणपतीत आरतीला ती बहुतेक सगळ्यांच्या मागे उभी राहत असेल आणि तिला नुसत्या पाठी दिसत असतील, यंदा तबक तिच्या हातात द्या, तिला देवाजवळ उभं करा, लोकांचे ओठ, टाळ्या, झांजा सगळं समोर दिसेल, आरतीचं पुस्तक हाताशी असू द्या. एक झांज तिलाही द्या, ती हातातून जाणवते.

आता तुमच्या सासूबाई. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल जाता जाता लिहिलंय पण मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्याच खोलीत आहे. ऐकू कमी आलं की म्हातारी माणसं हळूहळू बोलण्यातून बाजूला होतात, परत परत 'काय म्हणालीस' विचारायची लाज वाटते, मग मान डोलावतात आणि खोलीत बसतात. तुमच्या घरात एक नाही, दोन माणसं त्या 'नंतर सांगते'च्या पलीकडे बसलीयत, आणि त्या दोघींनी एकमेकींना शोधलं. एक 84 ची, एक पंचविशी-तिशीतली, एकीचं आयुष्य कृष्णपुरा छत्री न् रामबाग बघत गेलं, दुसरी कंप्युटरवाली, आणि त्यांचं जमतंय! एक दिवस तुमचंही ताट घेऊन त्या खोलीत जा. बोलू नका, बघा त्या कशा बोलतात. जागा, उजेड, एकेकाने बोलणं, हे सगळं सुनेसाठी केलंत की सासूबाईंनाही टेबलावर यावंसं वाटेल. आणि ते मशीन डबीतून काढून ऑडिऑलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, घेऊन जा, मशीन एकदा लावून भागत नाही, परत परत सेट करून घ्यावं लागतं, नाहीतर भांड्यांचा आवाजही डोक्यात जातो आणि माणूस ते काढून ठेवतो. न्यायला सुनेलाच सांगा, असल्या दवाखान्यांचा तिच्याइतका अनुभव घरात कोणाला नाही.

आणि तिची भाषा तुम्हालाही कामाला येणारेय. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, रंगांची ती मिरवणूक, निघते तेव्हा शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही आपल्याला, रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत काय वेगळं असतं? तुम्ही दोघी रस्त्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला भुट्ट्याचा कीस घे म्हणून सांगाल आणि बाकीचे बघत राहतील.

नातवंडांबद्दल, बहिऱ्या आईबापांची बहुसंख्य मुलं ऐकू येणारी असतात. बहिरेपणाची कारणं पुष्कळ, सगळी वंशातून येत नाहीत, तुमच्या सुनेचं काय ते डॉक्टरच तपासून सांगतील, आणि विचारायला जायचं की नाही हे मुलगा-सून ठरवतील, तुम्ही आणि हे नाही. बाळ झाल्यावर पहिल्या महिन्यातच कानाची तपासणी करून घ्यायची, ती तशी सगळ्याच बाळांची करायला हवी. आणि समजा नाही आलं ऐकू, तर बहिऱ्या बाळाचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पहिली वर्षं भाषेशिवाय गेल्याने, आणि तुमच्या नातवंडाला जन्मल्या दिवसापासून आईची भाषा मिळेल, तोवर तुम्ही शिकलात तर आजीचीही.

सुरुवात कशी करू म्हणाल तर आज संध्याकाळी ती ऑफिसातून आली की चहा द्या, शेजारी बसा आणि मोबाईलवर लिहून दाखवा, 'मी तुला नंतर सांगते म्हणून सांगितलंच नाही, चुकलं माझं. मला तुझी भाषा शिकायचीय, शिकवशील का?' एवढंच. ती लगेच फुलून येईल अशी आशा धरू नका, कदाचित नुसती मान हलवेल, तिलाही विश्वास बसायला वेळ लागेल. रोज दोन-चार शब्द विचारत राहा, मीठ, पाणी, दमलीस का, आवडलं का. चुकाल, ती हसेल, हसू द्या.

आणि जाऊबाई परत 'बिचारी' म्हणाल्या तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. म्हणा, 'वहिनी, ती समोरच आहे, तिला पोहे हवेत का तिच्याकडे बघून विचारा, हात असा करायचा,' आणि तुम्ही शिकलेली खूण त्यांना तिथल्या तिथे करून दाखवा.