बार मुका की दबका?

मिरजेहून एका वाचकांचा प्रश्न आलाय. ते अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतात आणि फावल्या वेळात शस्त्रांच्या इतिहासावर मराठीत लिहितात. सुटताना आवाज, फ्लॅश आणि धूर कमी होईल अशा बेताने बनवलेल्या मोर्टारला मराठीत काय म्हणावं, इथे त्यांचं घोडं अडलंय. त्यांनी स्वतः 'मुकी उखळी तोफ' असं योजलंय. 'मुकी' चालेल का, 'फ्लॅश'ला 'चमक' म्हणावं का, आणि तोफेला हे स्वयंपाकघरातलं उखळ चिकटलं कसं, अशा तीन शंका आहेत. संगणकाला भाषांतर विचारलं तर त्याने 'कमी आवाजाचा चुना' असं दिलं, हेही त्यांनी कळवलंय. संगणकाने चुना लावला म्हणायचा.

पण त्याची चूक समजण्यासारखी आहे. इंग्रजीत कुटायचं भांडं, विटा सांधायचा चुना-वाळूचा माल आणि ही तोफ या तिन्हींना एकच शब्द. मूळ लॅटिन शब्द भांड्याचा. त्या भांड्यात कालवलेल्या पदार्थालाही तेच नाव पडलं, आणि पुढे आखूड, जाड, रुंद तोंडाची तोफ निघाली तेव्हा तिलाही तेच. आपल्याकडे गवंडी 'माल कालव' म्हणतो, किल्ल्यांवरचा चुना घाण्यात मळला जायचा. उखळाचा तिथे काही संबंध नाही, त्यामुळे मराठीत हा घोटाळा होत नाही. तोफेपुरतं मात्र आपणही भांडंच पाहिलं. जुन्या उखळी तोफेचं चित्र बघा, दुसरं नाव सुचणं कठीण आहे.

उखळ हे संस्कृत उलूखलाचं प्राकृतातून आलेलं रूप. 'ते उखळ' नपुंसकलिंगी. 'उखळी तोफ' यातलं 'उखळी' हे विशेषण, 'कुलपी गोळा' मधल्या 'कुलपी'सारखं. (कुलपी गोळा म्हणजे पोटात दारू भरलेला, पडल्यावर फुटणारा गोळा. हा शब्द आपण टाकून दिला याचं मला फार वाईट वाटतं.) म्हणून अनेकवचनात 'उखळी तोफा' एवढंच. तुमच्या मजकुरात दोन ठिकाणी 'उखळ्या तोफा' झालंय, ते तेवढं बदला. सीमेवरच्या बातम्यांत 'उखळी तोफांचा मारा' असं येतं, ते बरोबर आहे.

आणखी एक जुना शब्द आहे, गरनाळ. गोव्यात अजून जत्रेला आणि फेस्ताला गरनाल वाजवतात, तिथे तो शब्द तोफेवरून उतरून दणक्याच्या बारावर येऊन बसला. आपल्या भागातल्या इतिहासात हे हत्यार यायचं म्हणजे १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यात. सिद्दी जौहरच्या मदतीला राजापूरच्या वखारीतले इंग्रज फुटणारे गोळे घेऊन आले होते. तट उंच असला की सरळ मारणारी तोफ नुसती भिंतीला टकरा देते. उखळी तोफ गोळा वर उडवते आणि तो तटावरून आत पडतो. आजच्या मोर्टारचंही काम तेच.

आजचं रूप १९१५ चं. विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज अभियंत्याने गुळगुळीत नळी, खाली तबक आणि पुढे दोन पाय असं साधं हत्यार बनवलं. गोळा नळीच्या तोंडातून आत सोडायचा, तो घसरत तळाच्या खिळ्यावर आपटतो, शेपटातली दारू पेटते आणि गोळा आल्या वाटेने परत जातो. उखळात मुसळ पडावं तसं, फक्त हे मुसळ पुन्हा हातात येत नाही. तुम्ही तिला 'ठासणीची' म्हटलंय, तिथे मी अडखळलो. ठासणीच्या बंदुकीत दारू गजाने ठासून भरावी लागते. इथे कुणी काही ठासत नाही, नुसतं सोडतात.

आता मुद्द्याचा शब्द: बार.

'बार' फारसी. मूळ अर्थ ओझं, भार. आपला 'भार' आणि त्यांचा 'बार' ही चुलत भावंडं. तुमच्या सांगलीच्या हळदीच्या पेठेत रोज कानावर पडणारं 'बारदान' त्याच घरचं, बार ठेवायचं ते बारदान. बंदुकीत जे भरायचं ते तिचं ओझं, म्हणून 'बार भरणे'. भरलेलं पेटवलं की 'बार उडाला'. आणि उडाल्यावर जे ऐकू येतं तेही बारच. कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे शोभेची दारू उडते. मी एकदाच गेलोय. धुराने समोरचा माणूस दिसत नव्हता आणि शेजारचे एक आजोबा डोळे मिटून उभे होते. काय बघताय विचारलं तर म्हणाले, "बघायचं काय त्यात, बार ऐकायचा." प्रत्येक दणक्याला मान हलवत होते, एखादा फुसका गेला की तोंड वाकडं करत होते.

म्हणजे भरण आणि आवाज, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो. आपल्या भाषेला बिनआवाजाचा बार कल्पताच येत नाही. आला तर त्याला ती 'फुसका' म्हणते, आणि फुसका म्हणजे वाया गेलेला. तुमची अडचण इथे आहे. तुम्हाला असं हत्यार सांगायचंय की ज्याचा एक बार पुरेपूर उडतो आणि दुसरा बार कुणाला ऐकू येत नाही. 'बिनबाराची तोफ' म्हणाल तर लोक रिकामी समजतील. 'मुकी' म्हणाल तर आणखी गंमत. आपल्याकडे 'मुका मार' हा शब्द पक्का आहे, वरून जखम दिसत नाही आणि आत हाड ठणकतं तो. 'मुक्या तोफेचा मारा' वाचून माणसाला आधी हळद-तेल आठवेल. शिवाय मुकं म्हणजे ज्याला वाचाच नाही ते. ही तोफ मुकी नाही. तिचं तोंड दाबलेलं आहे.

तोंड कसं दाबलंय हे पाहिलं की शब्द आपोआप सापडतो. नेहमीच्या उखळी तोफेत दारू जळून झालेला वायू गोळ्याला ढकलत वर येतो आणि गोळा बाहेर पडताच त्याच्या मागोमाग नळीतून धाडकन सुटतो. आवाज तो, जाळ तो आणि धूरही त्याच्याच बरोबर. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. असा गोळा सहसा त्याहून सावकाश जातो, त्यामुळे बंदुकीच्या गोळीसारखा हवा फाडल्याचा कडाका त्याला नसतो. एवढा वायू कोंडून धरला की तिन्ही व्याधी एकदम जातात. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाने आणि फ्रान्सने दारूच टाळून दाबलेल्या हवेवर गोळे उडवले, तो एक मार्ग. दुसरा मार्ग जास्त चलाखीचा. गोळ्याचं शेपूट पोकळ नळीसारखं करायचं आणि ते तोफेतल्या उभ्या खुंटीवर बसवायचं. शेपटाच्या आत दारू आणि तिच्याखाली पिचकारीला असतो तसा दट्ट्या. दारू पेटली की दट्ट्या खुंटीवर रेटतो, खुंटी जागची हलत नाही, म्हणून गोळाच वर उडतो. शेवटी दट्ट्या शेपटाच्या तोंडाशी जाऊन अडकतो आणि सगळा वायू आतच कोंडला जातो. गोळा आपला बार पोटात घेऊन निघून जातो, मागे धातूचा खट् असा आवाज तेवढा राहतो.

लक्षात आलं का? इथे उखळ-मुसळाची अदलाबदल झाली. खुंटी म्हणजे मुसळ, ते जमिनीवर उभं राहिलं, आणि पोकळ उखळ आभाळात गेलं. आमच्या साताऱ्यात चटणी डंकावर कांडून आणायला लागल्यापासून उखळ-मुसळ दोन्ही माळ्यावर गेली आहेत, तरी एवढं चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर येतंच.

याच तत्त्वावर बेल्जियममध्ये लहान तोफा निघाल्या, फ्रेंच सैन्यात ५१ मिलिमीटर तोंडाची आली, आणि रशियाची २बी२५ ही ८२ मिलिमीटरची. कोंडण्याची किंमत पल्ल्यात मोजावी लागते. २बी२५ चा पल्ला सुमारे १२०० मीटर, त्याच तोंडाची नेहमीची तोफ तीन-चार किलोमीटर मारते. म्हणून हिला कुणी तोफखान्यात ठेवत नाही, हळूच जाऊन हळूच परत येणाऱ्या लहान टोळीच्या कामाची ती.

म्हणजे वायू दाबलेला, आवाज दाबलेला. मराठीत 'दबका आवाज', 'दबक्या पावलांनी' हे रोजचे प्रयोग आहेत, आणि दबक्या पावलांत पावलं असतातच, ऐकू येत नाहीत एवढंच. माझा कौल 'दबक्या बाराची उखळी तोफ' याला. 'नीरव' व्याकरणाला चालेल, पण रव अजिबात नाही असा दावा त्यात आहे आणि तो खरा नाही.

फ्लॅश. 'चमक' मला पटत नाही. चमक भांड्याला असते, नाहीतर पाठीत भरते. तोफेच्या तोंडाशी दिसतो तो 'जाळ'. त्यातही दोन प्रकार आहेत आणि मराठीत दोन शब्द तयार आहेत. वायू तापलेला असल्याने तोंडाशी लाल दिसतो तो जाळ. त्या वायूत अर्धवट जळलेला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतो, बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की तो पुन्हा पेटतो. तो 'भडका'. मोठा उजेड या भडक्याचाच. तुमच्या लेखात दोन्हींना 'चमक' झाल्यामुळे तो परिच्छेद कळत नाही.

धुराबद्दल थोडक्यात. 'निर्धूर' शब्द आपल्याला निर्धूर चुलीने दिला. आमच्या घरी ती होती, आणि आई तिच्यापुढे बसून डोळे पुसत 'ही म्हणे निर्धूर' म्हणायची. 'निर्धूर दारू'चंही तसंच. जुनी काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता बारीक कणांचा धूर होऊन उडतो. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएलने नवी दारू काढली, तिचा धूर खूपच कमी, पण शून्य नव्हे. वर पुन्हा भडका दाबायला दारूत पोटॅशियमचे क्षार घालावेत तर धूर वाढतो. दट्ट्याच्या तोफेत ही ओढाताणच मिटते. तर 'कमी धुराची' लिहा, 'निर्धूर' नको. ('दारू' फारसीत औषध, तिकडे दारूखाना म्हणजे औषधाचं दुकान. आपल्याकडे बंदुकीची दारू आणि प्यायची दारू दोन्ही राहिल्या, औषध तेवढं गेलं.)

एक बारीक पण महत्त्वाची दुरुस्ती. 'तोफ फुटताना आवाज होत नाही' असं वाक्य आहे. तोफ सुटते, गोळा फुटतो. तोफ फुटली म्हणजे नळीच्या चिंधड्या झाल्या आणि जवळची माणसं गेली. साताऱ्याच्या माणसाला हे क्रियापद जपून वापरावंसं वाटतं. १७०० च्या एप्रिलमध्ये औरंगजेबाच्या लोकांनी अजिंक्यताऱ्याच्या तटाखाली सुरुंग पेरले, आणि तट कोसळला तो त्यांच्याच हल्ल्यासाठी जमलेल्या फौजेवर. सुटायचं ते भलतीकडे फुटलं की असं होतं. दबक्या बाराच्या तोफेचंही सुटणं तेवढं दबकं आहे. गोळा पलीकडे पडून फुटतो तो नेहमीच्याच दणक्याने.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'या दबक्या बाराच्या उखळी तोफेत दारूचा वायू गोळ्याच्या शेपटातच कोंडला जातो. त्यामुळे सुटताना नळीच्या तोंडाशी जाळ दिसत नाही, धूर नावालाच होतो, आणि थोड्या अंतरावरच्या माणसालाही बार ऐकू जात नाही.'

हे लिहून झाल्यावर आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त हवालदारांना वाचून दाखवलं. अपशिंगे मिलिटरीकडचे, पायदळात मोर्टारवरच होते. आवाजाचं महत्त्व त्यांनी एका वाक्यात सांगितलं: "जाळ दिसला की समोरचा आकडं मोजाया लागतो, बार कानावर आला की त्याला कळतं आपण किती लांब हाय." लहानपणी वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आपण मोजायचो तसंच, तीन आकडे म्हणजे एक किलोमीटर. मग मी विचारलं, 'दबक्या बाराची उखळी तोफ' कसं वाटतं? त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"म्हंजी सायलेंट मोर्टार व्हय? मग तसं म्हना की."